साडीचा रंग सांगा, चेहऱ्याचा नको

नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा सगळ्यात अवघड काम होतं ते राहायला खोली मिळवणं. दोन घरांत खोली रिकामी होती. दोन्ही ठिकाणी आधी चहा विचारला, मग गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर खोली आधीच दुसऱ्याला दिल्याचं आठवलं. चहा राहूनच गेला. आम्ही धम्म घेतल्याला काही वर्षं होऊन गेली होती, पण लोकांच्या आठवणी जुन्याच होत्या.

तिसरं घर कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. दार उघडं होतं आणि आतून टर्पेंटाइनचा वास येत होता. मला वाटलं, घराला रंग देणं चाललंय. ओसरीवर साधारण पन्नाशीच्या एक बाई पाटावर बसल्या होत्या. समोर तिरका पाट, त्यावर एक फोटो, हातात काडीला गुंडाळलेला कापूस. त्यांनी मान वर केली नाही. मी खोलीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "थांबा जरा, श्वास धरला हाय." मग श्वास सोडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"साड्या कोणच्या रंगाच्या हायेत तुमच्यापाशी?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं, दोन पांढऱ्या, एक फिकी निळी, एक राखाडी. शाळेत नेसायला तेवढ्याच होत्या.

"पांढऱ्या अंगणात वाळत घाला. निळी मांगं. मांगच्या भाडेकरणीनं लाल लुगडं टाकलं अठी दोरीवर, आणि माह्या एका फोटोतल्या वकिलाचे कान लाल झाले. उजेड सगळा त्या लुगड्यातून येऊन राह्यला होता, मले समजलंच नाही. आणा सामान."

आडनाव विचारलंच नाही. मीच सांगितलं, नंतर कटकट नको म्हणून. त्या पुन्हा कापूस हातात घेत म्हणाल्या, "बरं," आणि श्वास धरला. मी त्यांना काकू म्हणू लागले. पुढे गल्लीतल्या एका बाईने त्यांना बाजूला घेऊन भाडेकरीण कोणाची आहे हे सांगितलं, तेव्हा मी आत होते, मला ऐकू येत होतं. काकू म्हणाल्या, "मले तं पांढऱ्या साडीवाली पाह्यजे होती. भेटली."

त्या काळी रंगीत फिल्म नांदुऱ्यात कोणी पाहिली नव्हती. स्टुडिओत निघायचा तो काळा-पांढरा. ज्याला रंगीत हवा असेल त्याचा फोटो स्टुडिओवाले शेठ काकूंकडे पाठवत. मागे पेन्सिलीने लिहिलेलं असे: साडी हिरवी, खुर्ची लाल, पडदा निळा. काकूंचे यजमान त्याच स्टुडिओचे पडदे रंगवायचे, ताजमहाल, कारंजं, मोरांची बाग असले. ते गेल्यावर त्यांच्या रंगाच्या नळ्या घरात पडून होत्या, त्यावर काकूंनी हात बसवला. कोणी शिकवलं नाही. पहिले काही फोटो म्हणे इतके भयंकर झाले होते, की एका गिऱ्हाईकाने घरातल्या पोरांना ते दाखवून जेवायला लावलं.

मी पाहिलं तेव्हा मात्र त्यांचा हात असा होता, की कापसाचा बोळा फोटोवरून फिरला की करड्या राखेतून एखादं लुगडं हळूहळू जागं होतंय असं वाटे. कापूस दुकानातला चालत नसे. तो गुंडाळीत दाबलेला, मेलेला कापूस आहे असं त्या म्हणत. जिनिंगच्या फाटकातून पसाभर ताजा कापूस त्या स्वतः मागून आणत. रखवालदार त्यांना पाहिलं की आधीच ओंजळ भरून ठेवी.

काम फक्त सकाळचं. ऊन ओसरीच्या दुसऱ्या खांबाला लागलं की रंग बंद, मग कोणी तहसीलदार आला तरी नाही. बोळा टेकवताना श्वास धरायची सवय त्यांना इतकी लागली होती, की भाकरी तव्यावर टाकतानाही त्या श्वास धरत. चहाची बशी आणि टर्पेंटाइनची वाटी शेजारी शेजारी असे. माझ्यासमोर दोनदा तरी त्यांनी बोळा चहात बुडवला. त्यातल्या एका फोटोतल्या भिंतीला असा काही सुंदर रंग आला, की त्या पुढे मुद्दाम भिंतींना चहा वापरू लागल्या.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. डाकेवाला म्हणजे "तो पितळी डोळ्याचा", शेठ म्हणजे "तुपकट", शेजारच्या आजीबाई "वाळल्या चिंचेवाणी, पण गोड बाजूच्या". त्यांचे रंगही दुकानातल्या नावांचे नव्हते. मालगाडीचा तांबडा, तुरीच्या फुलाचा पिवळा, पाऊस येईन-येईन म्हणते तवाचा निळा.

वस्तूंचे रंग त्या मोठ्या हौसेने बदलत. एका तरुणाला सायकल लाल पाहिजे होती, त्याला ती लाल मिळाली, वर मडगार्डला सोनेरी रेघ फुकट. एका नवरीचं पातळ सासूच्या सांगण्यावरून हिरवं झालं, मग आजेसासूच्या सांगण्यावरून जांभळं. काकूंनी कधी कपाळाला आठी घातली नाही. म्हणत, "कपडा हाय. माणूस बदलतेच कपडा." पण चेहऱ्याची गोष्ट निघाली की त्या वेगळ्याच होत. चेहऱ्याला जो आहे तोच रंग. फोटोमागे "उजळ करणे" असं लिहून आलं, की तो फोटो तसाच्या तसा परत जाई. शेठ येऊन डोक्याला हात लावत. "अहो, लग्नाचे फोटो हायेत हे. सगळे हेच मांगतात. गुलाबी जरा जास्त फिरवलं तं तुमचं काय जाते?"

"साडीचा रंग सांगा, चेहऱ्याचा नोका सांगू," काकू म्हणत. एवढंच. मग शेठ ते फोटो अकोल्याला पाठवत आणि काकूंचं काम निम्मं होऊन गेलं होतं.

एकदा एक शेतकरी आपल्या बैलाचा फोटो घेऊन आला. बैल होता करडा, त्याला हवा होता पांढराशुभ्र. काकू विचारात पडल्या. बैल वस्तूत धरायचा की माणसात, यावर त्यांनी खरोखर विचार केला. मी शाळेत जाऊन आले तरी उत्तर निघालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला सांगितलं, "त्याले त्याचा रंग हाय, तो राहीन. झूल पाह्यजे तशी देतो." बैलाच्या अंगावर झूल नव्हतीच. काकूंनी ती घट्ट रंगात काढून दिली, लाल, आरशांची, गोंड्यांची. शेतकरी फोटो छातीशी धरून गेला.

मी एकदा विचारलं, चेहऱ्याचंच एवढं का? त्या बोळा धूत होत्या. म्हणाल्या, "माह्या लग्नाच्या आधी माह्या बापानं फोटो काढला होता माहा. खामगावच्या एकानं रंगवला. त्या फोटोत मी गोरी हाय. यजमान चांगले होते, कधी टाकून बोलले नाहीत. पण अंतरपाट खाली गेला तवा ते माह्या मांगं पाहू राह्यले होते. फोटोतली मांगून येऊन राह्यली असन, असं."

मग त्या हसल्या, आणि मला पण हसू आलं, आणि मग दोघींनाही ते फार वेळ टिकवता आलं नाही.

मी काळी आहे. आताही आहे, पण आता मला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं, म्हणून तर फिक्या रंगाच्या साड्या. भडक रंग काळ्या अंगावर नको, हे मला लहानपणापासून इतक्या जणींनी सांगितलं होतं की मला ते व्याकरणासारखं पाठ होतं.

दुसऱ्या वर्षी माझे वडील जानेफळहून आले. आम्ही त्यांना बा म्हणायचो. बा बोलायचे कमी. आई मी दोन-अडीच वर्षांची असताना गेली, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, मला मावशीच्या मदतीने वाढवलं आणि शिकवलं. अकोल्याकडे रेल्वेत कारकून असलेल्या मुलाचं स्थळ आलं होतं, त्यांनी फोटो मागितला होता, जमल्यास रंगीत. स्टुडिओत जाऊन मी फोटो काढला आणि तो घेऊन बा ओसरीवर बसले. घरातच रंगवणारी बाई आहे, याचं त्यांना फार बरं वाटलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "जरासं उजळ करून देजा."

काकूंनी फोटो हातात घेतला. "साडी कोणची करू, सांगा."

"साडी तुमच्या मनानं करा. चेहरा जरा..."

"भाऊ, चेहऱ्याले मी हात नाही लावत."

बा खाली पाहत म्हणाले, "दोन जागी नाही म्हणाले आधीच. पोरगी एवढी शिकली, नोकरी करते. पाहून जातात आणि मंग सांगावा येत नाही. तुम्ही लेकीवाणी वागवता तिले, म्हणून म्हटलं."

मला ओसरीवरून उठून जावंसं वाटत होतं. काकूंचा आवाज एकदम खाली आला. त्या म्हणाल्या, "फोटो पाहून हो म्हणतीन, आणि इले पाहून इच्या मांगं पाह्यतीन. मंग काय करान?"

काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तरीणबाई, तुम्हाले कोणचा रंग आवडते? नेसता तो नाही. आवडते तो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "करडईच्या फुलाचा."

मग त्यांनी मला सकाळच्या उजेडात समोर बसवलं. शाळेच्या आधी मी बसायची, काकू फोटोपेक्षा जास्त माझ्याकडे पाहायच्या. एका काचेवर त्यांनी रंग मिसळायला घेतले आणि ते संपेचनात. तांबडा घेतला, मातकट घेतला, जरासा निळा, मग जांभळा. स्वतःशीच बोलत होत्या. "गोऱ्या माणसाले दोन रंगात भागते. ह्या बाईनं माह्या सगळ्या नळ्या उघडाले लावल्या." माझ्या गालाच्या हाडाखाली जांभळी सावली आहे, कपाळावर तांब्याची झाक आहे, हे मला तेव्हा कळलं. आरशात मी इतकी वर्षं पाहत होते, पण कुणी दाखवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बा परत आले. फोटो तयार होता. पांढऱ्या साडीची करडईच्या फुलाची साडी झाली होती, पिवळ्यातून केशरी होत जाणारी. आणि त्या रंगावर माझा चेहरा, तसाच काळा, पण भर उन्हात उभ्या असलेल्या माणसासारखा. बांनी तो दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "इची माय हाय ही."

काकूंनी चष्मा कपाळावर घेतला.

"तिचा एकही फोटो नाही," बा म्हणाले. "तवा कुठं होते आपल्या इकडं फोटो. चेहरा इसरून राह्यलो होतो मी. खरं सांगतो, बाई, रात्री डोळे मिटले का पदर दिसे, हात दिसत, चेहरा नाही."

स्थळाकडे तो फोटो गेला आणि मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी शिकलेली आहे, पण सध्या त्यांना घाई नाही. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं असणार. आता त्या मुलाचं नावही आठवत नाही. बांनी मात्र निरोप ऐकला आणि दुसऱ्याच विषयाला हात घातला. पुढच्या खेपेला त्यांनी काकूंना विचारलं, "बाई, ह्याच फोटोची इची माय करता येईन का?"

काकूंनी लगेच हो म्हटलं नाही. त्या उठून आत गेल्या, पाणी प्यायल्या, बाहेर आल्या. "खोटा होईन तो फोटो, भाऊ."

"खोटा कसा? पोरगी तिचीच हाय ना."

काकू खाली बसल्या. "मंग सांगा."

ती सकाळ मी कधी विसरणार नाही. शेठकडून त्याच फोटोची दुसरी प्रत आणली होती, ती पाटावर कोरी पडली होती. काकू एकेक विचारत होत्या आणि बा सांगत होते. पदर कसा? दोन्ही खांद्यावरून, डोक्यावर. नाकात? काही नव्हतं. गोंदण? हनुवटीवर एक, कपाळावर तीन टिपके. लुगडं? "एकच होतं चांगलं. वांग्यावाणी जांभळं, हिरव्या काठाचं. ते नेसली का मी वावरातून लवकर घरी येई," असं म्हणून बा थांबले, कारण मी तिथे बसले होते.

कुंकवापाशी ते अडखळले. "धम्म घेतला तवापासून आमच्यात लावत नाहीत. पण ती लावे. मोठ्ठं."

"ती होती तवाचा फोटो हाय ना हा? मंग राहू द्या."

काकूंनी जे विचारलं नाही तेही बांनी सांगितलं. आईला मोठ्याने हसायची सवय होती आणि हसताना ती तोंडावर हात ठेवी. एकदा ते तिला रेल्वे दाखवायला इथंच नांदुऱ्याला घेऊन आले होते. गाडी आली तशी तिने फलाटावरचा खांब दोन्ही हातांनी धरून ठेवला, आणि गाडी गेल्यावरही सोडेना. म्हणाली, ही गेली तर गेली, दुसरी आली म्हणजे. मला आई आठवत नाही. त्या सकाळपर्यंत मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं की ती तापाने गेली.

काकूंनी फोटो केला. चेहऱ्याला हात लावला नाही, माझ्यासाठी मिसळलेला रंगच तिला दिला. पदर, गोंदण, कुंकू, लुगडं बदललं आणि मी गेले, ती आली. बा फोटो घेऊन गेले.

महिन्याभराने मी गावी गेले तर घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, बा आणि मावशी. फोटो भिंतीवर होता. मावशी म्हणे तो पाहून आधी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "चेहरा माह्या बहिणीचा हाय. पण गोरी केली तुम्ही तिले."

"गोरी कुठं हाय?" बा म्हणाले.

"ती पोरीहून काळी होती. काळीभोर होती. आम्ही भांडलो का मी तिले तव्याची पाठ म्हणे, मले काऊन नाही माहीत असणार?"

बा म्हणाले, एवढी नव्हती. मावशी म्हणाली, होती. तेव्हापासून अबोला होता.

मी परत येऊन हे काकूंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हातातला बोळा त्यांनी खाली ठेवला. "काय म्हणे तुमची मावशी? जास्त काळी करा म्हणे?"

"हो."

"असं म्हणाली?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. रविवारी पहाटेच त्यांनी नळ्या, काच, कापूस एका फडक्यात बांधलं आणि मला म्हणाल्या, चला. खामगावला एसटी बदलून, मेहकरच्या गाडीत उभं राहून आम्ही जानेफळला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. हे ऊन त्यांच्या कामाचं नव्हतं. त्या आमच्याकडे जेवल्या, आमच्याकडेच झोपल्या. आमच्या वस्तीत गावातलं कोणी जेवत नसे, तिथं ह्या नांदुऱ्याच्या बाई दोनदा वरण मागून घेत होत्या आणि मावशीला विचारत होत्या, तव्याची पाठ म्हणजे धुतलेल्या तव्याची का न धुतलेल्या?

सकाळी फोटो भिंतीवरून उतरला. अंगणात पाट मांडला. वस्तीतल्या आईच्या वयाच्या बाया जमल्या, काकूंनी सगळ्यांना उजेडातून बाजूला सारलं आणि मावशीला जवळ बसवलं. चेहऱ्याला हात न लावणाऱ्या काकूंनी बोळा गालावर टेकवला. एक थर. "एवढी?" मावशी म्हणे, "अजून." दुसरा थर. "अजून जरा, डोळ्याखाली." बा दाराच्या चौकटीत उभे होते. बाया आपापसात बोलत होत्या, कापूस वेचताना ती कशी पुढे निघून जाई, कोणाला काय म्हणाली होती. काकू श्वास धरून काम करत होत्या आणि मध्येच सोडून ऐकत होत्या.

मावशीने बांकडे मान वळवली. "होती ना एवढी?"

बा पुढे आले, वाकले, फोटोकडे पाहिलं. "हाव," ते म्हणाले. "होती."

काकूंनी बोळा उचलला. मावशीने पाट आपल्याकडे ओढला, तोंड अगदी जवळ नेलं आणि रोजच्या आवाजात, दारात उशिरा आलेल्या माणसाशी बोलावं तशी ती म्हणाली, "काऊन व बाई, इतक्या दिवसानं?" आणि तिने गाल कुरवाळायला हात पुढे केला.

काकूंनी तिचं मनगट हळूच धरलं. "आता नोका हात लावू," त्या म्हणाल्या. "ओली हाय अजून."